‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!’

शेगाव असो वा बुलडाणा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची प्रोजेक्टं सर्व्हरवर चढू लागली की हे वाक्य हमखास कानी पडतं. समजा, खामगाव आणि मलकापूर बाजार समित्यांचे सोयाबीन-कापसाचे भाव दाखवणारं ॲप कुणी केलंय. लॅपटॉपवर झकास चालतं. मुंबईतल्या भाड्याच्या सर्व्हरवर टाकलं की सुरुवातीलाच ‘मोड्युल नॉट फाउंड’.

लॅपटॉपवर वर्ष-दोन वर्षांत नाना लायब्रऱ्या साठलेल्या असतात. त्यातली कुठली या ॲपच्या कामी आली, हे मालकालाही आठवत नाही. सर्व्हर मात्र कोरा असतो.

एकच धागा ओढून बघा. आकडेमोडीसाठी पायथनची ‘पांडाज’ लायब्ररी मागवली. तिला ‘नमपाय’ हवी आणि तारखा वाचायला ‘डेटयुटिल’ हवी. डेटयुटिलला ‘सिक्स’ लागते. सिक्स म्हणजे पायथन 2 आणि पायथन 3 यांच्यातला दुवा. बे त्रिक सहा, म्हणून हे नाव! पायथन 2 ची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली, तरी नव्याकोऱ्या सर्व्हरवर पांडाजच्या मागोमाग सिक्स उतरतेच.

ही साखळी एकेकाळी माणूस हाताने सोडवायचा. डेबियन लिनक्समधला ‘डीपीकेजी’ ‘अमुक नाही’ एवढं सांगून हात वर करायचा. ते अमुक शोधून आणावं, तर त्याला आणखी तमुक हवं. 1999 च्या डेबियन 2.1 सोबत ‘ॲप्ट’ आलं आणि ही वणवण थांबली. प्रत्येक पॅकेजसोबत त्याला काय काय लागतं ते लिहिलेलं असतं. ॲप्ट ते वाचून सगळी यादी काढतं आणि रेल्वेने जाताना आधी जलंब, मग खामगाव लागतं, तसा क्रम लावून एकेक बसवतं. जावाच्या ओएसजीआय पद्धतीत शिस्त याहून कडक. मोड्युलने मागितलेला प्रत्येक अनिवार्य भाग मिळाल्याशिवाय ते सुरूच होत नाही. मला ही पद्धत आवडते. रात्री दोन वाजता बंद पडण्यापेक्षा दारातच अडलेलं बरं.

खरी गोम आवृत्त्यांत आहे. एका लायब्ररीला तिसरीची जुनी आवृत्ती हवी, दुसरीला नवी, आणि दोन्ही एकत्र नांदत नाहीत. मग पहिलीची थोडी मागची आवृत्ती घेऊन पाहायची. पण तिच्या मागण्या आणखी वेगळ्या. शक्यता गुणाकाराने वाढतात. हा प्रश्न गणिताच्या भाषेत ‘एनपी-कम्प्लीट’ आहे, म्हणजे कुठल्याही परिस्थितीत झटपट उत्तर देणारी रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. व्यवहारात मात्र बहुतेक वेळा काही सेकंदांत जमतं. ‘हे घेतलं तर ते हवंच’, ‘ही दोन एकत्र नकोत’ अशी हो-नाहीची विधानं मांडून ती सोडवणारे प्रोग्रॅम आता तरबेज झालेत. पायथनची पॅकेजं बसवणारं ‘पिप’ 2020 पर्यंत याबाबतीत ढिलं होतं. पहिल्यांदा सापडलेली आवृत्ती घ्यायचं आणि पुढचा विरोध खुशाल रेटून न्यायचं. त्या वर्षीच्या 20.3 आवृत्तीपासून अडलं की मागे फिरून ते दुसरी वाट धरतं.

सोय वाढली तसा धोकाही. मार्च 2016 मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने रागाने काढून घेतलं आणि जगभरातल्या जावास्क्रिप्ट प्रकल्पांची बांधणी अडली. 2021 मध्ये ॲलेक्स बिरसान या संशोधकाने आणखी वाईट शक्यता दाखवली. कंपन्यांच्या खासगी पॅकेजांची नावं घेऊन त्याने स्वतःची पॅकेजं सार्वजनिक कोठारात ठेवली आणि ॲपल, मायक्रोसॉफ्टसारख्यांच्या यंत्रणांनी ती आपसूक उचलली. म्हणून नुसत्या नावावर भागत नाही. कोणती आवृत्ती घेतली आणि फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काय, हे ‘लॉक फाइल’मध्ये नोंदवून सर्व्हरवर तेच आणि तेवढंच उतरवावं. विद्यार्थी नेमकी हीच फाइल सोबत द्यायला विसरतात.

एवढं करूनही आपलं भावाचं ॲप फसू शकतं. पडद्यावर सगळं नीट, पण सर्व्हरने बनवलेल्या पीडीएफमध्ये ‘सोयाबीन’च्या जागी रिकामे चौकोन! सर्व्हरवर देवनागरी फॉन्टच नाही. पायथनच्या यादीत फॉन्टची नोंद नसते, त्यामुळे पिपला ही उणीव दिसणारच नाही. ती माणसानेच सांगावी लागते. डेबियनच्या सर्व्हरवर ॲप्टला ‘फॉन्ट्स-देवा’ हे एक नाव दिलं की पुढचं ते बघतं, आणि लोहित, गार्गी, नकुल, सहदेव असे फॉन्ट ओळीने येऊन बसतात.