कालवड विकण्याआधी हे वाचा



दहावी-बारावीचे निकाल लागतात ते नेमके पेरणीच्या तोंडावर. घरात बी-खताची जुळवाजुळव चाललेली असते, सोसायटीत खेपा चालू असतात आणि त्याच वेळी पोरगी गुणपत्रिका घेऊन दारात उभी राहते. बाप मनातून सुखावतो, पण लगेच त्याची नजर गोठ्याकडे जाते. कोणते जनावर काढावे, हा हिशेब सुरू होतो.

2024 सालची गोष्ट. माझ्या कार्यक्षेत्रातले एक शेतकरी, तीन एकर कोरडवाहू जमीन. सोयाबीनच्या प्लॉटवर भेटले तेव्हा म्हणाले, "साहेब, पोरीचा नंबर लागला इंजिनिअरिंगला. गाभण कालवड काढली अन् फी भरली." मी विचारले, "दादा, अर्ज नाही का केला? यंदापासून तुमच्या पोरीला फी माफ आहे." ते माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. "खिडकीवरच्या माणसानं आकडा सांगितला, आम्ही भरला. आम्हाला कोण सांगणार?"

पुढे अर्ज केला, खेटे घातले आणि बऱ्याच महिन्यांनी पैसे परत आले. कालवड मात्र परत आली नाही. ती आज दुसऱ्याच्या दावणीला दूध देते आहे. तुमच्या घरी असे होऊ नये, म्हणून हा लेख.

मुलींची फी

8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमात शिकणाऱ्या मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांत शंभर टक्के सवलत मिळाली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतल्या मुलींसाठी ही सवलत आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असले पाहिजे. इंजिनिअरिंग, औषधनिर्माण, वैद्यकीय यांबरोबर कृषी शाखाही यात येते.

दोन गोष्टी मात्र गाठीला बांधा. प्रवेश सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, तर सवलत गेली. दुसरे, ही माफी शिक्षण आणि परीक्षा शुल्काची आहे. वसतिगृह, खानावळ आणि कॉलेजची इतर किरकोळ शुल्के तुम्हालाच भरावी लागतात. म्हणून पावती मागा आणि कोणत्या नावाखाली किती घेतले ते वाचा. वाचता येत नसेल तर पोरीला वाचायला सांगा. त्यात लाज कसली?

मुलांचे काय?

खुल्या गटातल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा तीच, 8 लाख. शिक्षण व परीक्षा शुल्कात निम्मी सवलत मिळते आणि ती एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत असते. इतर प्रवर्गांसाठी त्या त्या खात्याच्या वेगळ्या योजना आहेत.

अनुसूचित जातींच्या मुलामुलींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तर 1944 सालापासूनची आहे. तिची उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये असून फीबरोबर निर्वाहासाठीही रक्कम मिळते.

फीपेक्षा शहरातले राहणेच जड जाते, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना यात प्राधान्याने मदत मिळते. अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावच्या शेतकरी घरात 1898 साली जन्मलेला हा माणूस परदेशात शिकून आला आणि 1952 ते 1962 या काळात देशाचा कृषिमंत्री झाला. शेतकऱ्याच्या पोराने शिकावे म्हणून त्यांनी विदर्भात शाळा-कॉलेजे उभी केली. त्यांच्या नावाची योजना आपल्याच पोराने घेतली नाही, तर दोष कोणाचा?

हिच्यासाठी तहसीलदारांचा अल्पभूधारक दाखला लागतो. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर सातबारा आणि आठ-अ घेऊन सेतू केंद्रात अर्ज करा. जमीन दोन गावांत असेल तर दोन्हीकडचे उतारे जोडा. एक लपवून दाखला काढू नका, पुढे अंगाशी येते.

आठवीत असतानाच जागे व्हा

कॉलेज दूर आहे म्हणून निवांत बसू नका. तुमचे लेकरू सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत आठवीला असेल आणि घरचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल, तर त्याला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. गुरुजी तिला एन.एम.एम.एस. म्हणतात. सातवीत 55 टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. निवड झाली की नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांत 48,000. आपल्या राज्याचा कोटा 11,682 मुलांचा आहे. अर्ज शाळेमार्फत जातो, म्हणून दिवाळीची वाट न बघता मुख्याध्यापकांना भेटा. निवडीनंतर केंद्राच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. परीक्षा पास होऊनही केवळ नूतनीकरण राहिले म्हणून पैसे बुडालेली पोरे मी पाहिली आहेत.

"अजून किती शिकणार?"

पोरगा एम.एस्सी. झाला आणि पीएच.डी. करतो म्हणाला, की घरात हा प्रश्न निघतोच. तुमचे खोटे नाही, पण संशोधन करणाऱ्यालाही सरकार पैसे देते. राष्ट्रीय पातळीवरच्या नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर 1 जानेवारी 2023 पासून ती दरमहा 37,000 रुपये झाली आहे. याशिवाय अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी 2018 साली स्थापन झालेली सारथी आणि इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी 2019 ची महाज्योती या संस्था अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती निघतात, मुदत थोडी असते. पोराला लक्ष ठेवायला सांगा.

या खर्चाकडे परका खर्च म्हणून पाहू नका. तुमच्या रानातला फुले 265 ऊस पाडेगावच्या संशोधन केंद्रातून आला. कोणा शास्त्रज्ञाच्या शिक्षणाला आणि संशोधनाला सरकारने पैसा दिला, तेव्हा ते बेणे तुमच्या सरीत पडले.

कागद वेळेत, तर पैसा वेळेत

राज्याच्या बहुतेक योजनांचे अर्ज महाडीबीटीवर होतात. ठिबक आणि अवजारांच्या अर्जामुळे हे नाव तुम्हाला नवे नाही. वापसा असतानाच पेरणी साधते, तसेच या कागदांचे आहे. क्रम असा ठेवा :

1. उत्पन्नाचा दाखला एप्रिल उजाडताच काढायला घ्या. निकालानंतर सेतूत रांग लागते. आई आणि वडील दोघांचेही उत्पन्न धरले जाते.

2. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवास दाखला बारावीच्या वर्षातच तयार ठेवा. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज तर अकरावीतच करा. त्याला वेळ लागतो.

3. मुलाच्या नावाचे बँक खाते उघडा आणि ते आधारशी जोडून घ्या. पासबुकावर आधार नंबर असणे वेगळे आणि सरकारी रकमेसाठी खाते जोडलेले असणे वेगळे. बँकेत "डीबीटीसाठी आधार जोडले आहे का?" असे स्पष्ट विचारा. दोन खाती असतील तर शेवटी जोडलेल्या खात्यात पैसा जातो.

4. गुणपत्रिका, आधार, दाखले आणि बँक खाते यांवरचे नाव एकसारखे आहे का ते पाहा. एका अक्षराने अर्ज परत येतो.

5. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. तो आधी कॉलेज तपासते, मग खाते तपासते. महिन्यातून एकदा स्थिती बघा. त्रुटी निघाली तर मुदतीत दुरुस्त करा.

6. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण करायचेच.

कुठे अडले तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पोच हातात असली की बोलायला बळ येते. "तुमचं काम मी करून देतो" म्हणून हजार-दोन हजार मागणारा भेटला तर त्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

सरकारी मदत धरूनही पैसे कमी पडले, तर सावकाराच्या आधी बँकेत जा. केंद्राने नोव्हेंबर 2024 मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली आहे. ठरवून दिलेल्या दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदाराशिवाय शैक्षणिक कर्ज मिळते. 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि दुसरी सरकारी सवलत न घेणाऱ्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सूट आहे. पण कर्ज ते कर्जच, ते फेडायचे असते. म्हणून आधी सवलत, मग शिष्यवृत्ती आणि शेवटी कर्ज.

शेवटी थोडे माझे सांगतो. मी बी.एस्सी. ॲग्री. झालो तो ई.बी.सी. सवलतीवर. वडील अंगठेबहाद्दर. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ऐन पेरणीत तिफण उभी करून ते दोनदा कचेरीत गेले आणि दोनदा परत आले. एकदा साहेब नव्हते, एकदा कागद कमी होता. आई म्हणाली, "राहू द्या आता, पाऊस निघून जाईल." वडील म्हणाले, "पाऊस पुढच्या साली येईल, पोराचं वर्ष येणार नाही." तिसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले आणि दाखला घेऊनच आले. त्या एका कागदावर आमच्या घराची दिशा बदलली.

या रविवारी मोटार बंद केल्यावर जरा वेळ काढा. पोराला-पोरीला जवळ बसवा आणि घरातले सगळे कागद एका पिशवीत गोळा करा. जो कागद नसेल त्याची यादी करा आणि सोमवारी तलाठ्याकडे जा. कालवड गोठ्यातच राहू द्या.