श्रवणाचे एक हिब्रू क्रियापद

श्रवण नक्षत्रावरून ज्याचे नाव पडले त्या श्रावणमासात धर्माबादच्या घरोघरी पोथी उघडली जाते. या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे श्रवणाचेच, परंतु हिब्रू भाषेतले एक क्रियापद ठेवीत आहो. महाराष्ट्राला ते परके नाही. कोकणातील बेने इस्रायल समाज तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवी, म्हणून लोक त्यांस 'शनवार तेली' म्हणत. धर्मग्रंथ हरपले, हिब्रू विसरली, तरी एक प्रार्थना त्यांच्या मुखी राहिली, असे त्यांची परंपरा सांगते. तिचा पहिला शब्द 'शेमा', म्हणजे 'ऐक'.

शीन, मेम व आयिन या तीन अक्षरांचा हा धातू. 'शामा' म्हणजे 'त्याने ऐकले', 'शोमेआ' म्हणजे 'ऐकणारा'. आपला कोश 'ऐकणे' असे रूप देतो. हिब्रू कोशात मात्र भूतकाळी 'शामा' हेच रूप शोधावे लागते. शेवटचे आयिन कंठातून निघते. निजामी अमदानीत उर्दू शिकलेल्या धर्माबादकरांना त्याचे भावंड 'ऐन' ठाऊक होते. खटल्याच्या सुनावणीस कचेरीत 'समाअत' म्हणत, तो अरबी शब्दही याच कुळातला.

या समाजासाठी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, आणि मुखोद्गत शब्दांचा अर्थ मराठीतूनच घरात आला.

पण रूपे पाठ झाली म्हणजे क्रियापद कळले असे नव्हे. 'शामा'पुढे 'बे-कोल', म्हणजे 'वाणीत', हे शब्द आले की अर्थ होतो 'आज्ञा पाळली'. ज्यू धर्मग्रंथांत आज्ञापालनासाठी बहुधा हेच क्रियापद येते. आपली माउली 'पोर माझे ऐकत नाही' म्हणते तेव्हा पोराच्या कानात दोष नसतो! सीमेवरच्या तेलुगू घरातही 'माट विनु' म्हणजे शब्द ऐक आणि मानही. संस्कृतात तर 'श्रु' धातूची इच्छा ती शुश्रूषा. मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा, रूढ अर्थ सेवा. नवविधा भक्तीत श्रवण पहिले का, हे आम्हांस या परक्या क्रियापदाने अधिक उमगले. पोथी संपताच जो उठून जातो, त्याचे श्रवण झाले असे आम्ही तरी म्हणणार नाही.

शेमा म्हणताना उजव्या हाताने डोळे झाकण्याची चाल आहे. हस्तलिखित तोराग्रंथात या वचनाच्या पहिल्या शब्दाचे अंत्याक्षर आयिन व अखेरच्या शब्दाचे अंत्याक्षर दालेत मोठे काढतात. दोन्ही जोडली की 'एद', म्हणजे साक्षी, हा शब्द होतो.

1880 च्या सुमारास याच समाजात मराठी कीर्तने सुरू झाली. बेंजामिन अष्टमकर हे त्यांतले आद्य कीर्तनकार. आख्याने अब्राहाम व मोशे यांची, परंतु थाट आपल्या हरिदासांचा. आणि समोर श्रोते.