सामाईक वहीतील खाडाखोड

व्यापारी माणसास वहीतील खाडाखोडीचे भय उपजतच असते. चुकलेली रक्कम पुसून त्या जागी दुसरी लिहिण्याची आपली रीत नव्हे. उलट नोंद घालून ती दुरुस्त करावयाची, म्हणजे चूक व दुरुस्ती दोन्ही डोळ्यांपुढे राहतात. आता ही वही संगणकावर गेली असून तीत एकाच वेळी अनेक हात लिहितात. या हातांनी परस्परांशी कसे वागावे, हा प्रश्न त्यामुळे नव्याने उभा राहिला आहे.

मराठीतील त्याचे ठळक उदाहरण म्हणजे १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया. येथील लेख कोणा एकाच्या मालकीचा नसतो. जोयडा तालुक्यातील गुंद गावचे गृहस्थ आणि पुण्याचे प्राध्यापक एकाच लेखावर काम करू शकतात आणि अर्थातच भांडूही शकतात. समजा, गुंदविषयीच्या लेखात एकाने तालुक्याचे नाव ‘सुपे’ असे लिहिले. काळी नदीवरील धरणात जुने सुपे बुडाले व तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, हे ठाऊक असलेल्या दुसऱ्याने ते खोडले. पहिल्याने पुन्हा लिहिले. हा खेळ रात्रभर चालावयाचा!

त्यावर उपाय रचनेतच केलेला आहे. प्रत्येक लेखामागे त्याचा ‘इतिहास’ असतो. कोणी, केव्हा, कोणते शब्द बदलले ते कोणासही पाहता येते व जुना मजकूर परत आणता येतो. वाद लेखात न घालता चर्चेच्या पानावर घालावयाचा आणि खाली सही करावयाची. सर्वांनी मिळून बोलण्याच्या पानास ‘चावडी’ व मत अजमावण्यास ‘कौल’ म्हणतात. कोकणात व गोव्यात कौल देवाला लावतात. येथे तो सदस्यांनीच द्यावयाचा असतो. इंग्रजी विकिपीडियाचा नियम असा की, २४ तासांत एकाच पानावर इतरांचे काम ३ पेक्षा अधिक वेळा उलटवू नये. खरे कोण, याचा निवाडा हा नियम करीत नाही. तो केवळ हात आवरावयास लावतो. प्रचालकास पान गोठविण्याचा व सदस्यास रोखण्याचा अधिकार आहे, परंतु त्याच्या त्या कृतीचीही नोंद राहते. मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

व्हॉट्सॲपच्या गटात असे नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ च्या निकालात म्हटले की, सदस्यास घेणे वा काढणे एवढाच अधिकार असलेल्या गटप्रमुखास, समान हेतू वा पूर्वनियोजन सिद्ध झाल्यावाचून, दुसऱ्याच्या मजकुराबद्दल गुन्हेगार धरता येणार नाही. पुढे २०२२ मध्ये प्रमुखास कोणाचाही संदेश सर्वांच्या समोरून पुसण्याची सोय मिळाली. पुसणाऱ्याचे नाव दिसते, पण पुसलेले काय होते ते दिसत नाही.

याची झळ मी पाहिली आहे. माझ्या परिचयातील दोन भागीदार सुपारीचे रोजचे दर अशाच गटात टाकीत. एके दिवशी एक दर नाहीसा झाला. एक म्हणे, ‘मी टाकला होता;’ दुसरा म्हणे, ‘टाकलाच नाही.’ वीस वर्षांचा घरोबा, दिवाळीचा फराळ एकमेकांकडे जाणारा. पण त्या आठवड्यात दुकानात एक शब्द झाला नाही. अखेर थोरल्या भागीदारांच्या सुनेने दरांसाठी निराळा सामाईक तक्ता उघडून दिला. त्यात प्रत्येक बदलाचा मागचा मजकूर राहतो. तिने एकच अट घातली: दुसऱ्याच्या ओळीला हात लावावयाचा नाही, म्हणणे असेल तर खाली आपल्या नावानिशी लिहावे.

तो हरवलेला दर कोणाचा खरा, हे आजतागायत ठरलेले नाही. तक्ता मात्र रोज सकाळी दोघेही भरतात.