प्रोग्राम ‘सी’त, कॅमेरा वेगवान, तरी मशीन मागे का पडतं?

बुटीबोरी (नागपूर) : बुटीबोरी एमआयडीसीतल्या कंपनीच्या गेटवर ट्रक आला की आधी चलान, मग रजिस्टरमध्ये नोंद, त्यानंतरच माल आत. ट्रकभर माल एका चलानावर आला तर हा वेळ जाणवतही नाही. पण प्रत्येक नटासाठी वेगळं चलान केलं, तर सगळा दिवस गेटवरच जाईल. सी किंवा सी++ मधला प्रोग्राम पायथॉनचं फंक्शन पुन:पुन्हा बोलावतो, तेव्हा असंच होतं.

गेटवर नेमकं काय घडतं?

सीचा कोड कंपाइल होऊन आधीच प्रोसेसरच्या भाषेत उतरलेला असतो. पायथॉनचा कोड इंटरप्रिटर एकेक सूचना वाचत चालवतो. सीमधला 8 बाइटचा दशांश आकडा पायथॉनला द्यायचा, तर त्याचं 24 बाइटचं ऑब्जेक्ट करावं लागतं. ‘जीआयएल’ हे कुलूप हातात असावं लागतं. उत्तर आलं की ते पुन्हा सीच्या साच्यात. सीमधला साधा कॉल एक-दोन नॅनोसेकंदांचा. ही फेरी ढोबळमानाने 50 ते 100 नॅनोसेकंदांची.

सेकंदाच्या अब्जाव्या भागाची एवढी काळजी कशाला? हिशेब करू. समजा, लाइनवर बाटल्यांची झाकणं कॅमेरा तपासतो. सेकंदाला 10 बाटल्या, म्हणजे एकीला 0.1 सेकंद. 1920 बाय 1080 च्या फोटोत 20,73,600 पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलसाठी पायथॉनला बोलावलं, तर 100 नॅनोसेकंदांनी 0.2 सेकंद नुसते जाण्यायेण्यात गेले. दर दुसरी बाटली न तपासताच पुढे!

अशा वेळी महागडा कॉम्प्युटर घेण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याआधी प्रोफायलर लावून कॉल मोजलेले बरे. अख्खा फोटो एकदाच दिला की फेरी एकच होते. मात्र आत पायथॉनने पुन्हा एकेक पिक्सेल हाती घेतला तर काही उपयोग नाही. ते काम नमपायकडे द्यायचं, कारण तिचा लूप सीमध्येच फिरतो.

नवी आवृत्ती टाकून भागेल का?

फारसं नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या पायथॉन 3.11 ने फंक्शन कॉल स्वस्त केले, पण ती मुख्य सवलत पायथॉनने पायथॉनलाच बोलावलं तर. सीकडून येणाऱ्याला गेटवर थांबावंच लागतं.