पुनरुत्थानाचा वाद : माप एकच हवे

ईस्टर जवळ आला की कॉलेजात शिकणारी आपली मुले ख्रिस्ती मित्रांशी चर्चा करून घरी येतात आणि विचारतात, हजरत ईसा (अलैहिस्सलाम) क्रूसावर मरण पावून तिसऱ्या दिवशी जिवंत झाले, याला इतिहासात पुरावा आहे का?

प्रथम त्यांची बाजू नीट ऐकू या. त्यांचा मुख्य आधार म्हणजे संत पौल यांचे करिंथकरांना लिहिलेले पहिले पत्र. ते साधारण इ. स. 53 ते 55 मधले, म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांतले. जिवंत झालेल्या येशूंना कोणी कोणी पाहिले याची यादी त्यात आहे. त्यात पाचशेहून अधिक जणांचा उल्लेख येतो. इतक्या थोड्या काळात दंतकथा रुजत नाही, असे ख्रिस्ती अभ्यासक म्हणतात.

आक्षेपही आहेत. त्या पाचशेंपैकी कोणाची स्वतःची साक्ष आपल्यापर्यंत आलेली नाही. पहाटे कबरीवर कोण गेले, हे सांगताना मार्क तीन स्त्रियांची नावे देतो, मत्तय दोघींची, तर योहान एकटीचेच. मार्कचे शुभवर्तमान चारांत सर्वांत जुने मानले जाते. मात्र चौथ्या शतकातील सिनाईटिकस आणि व्हॅटिकनस या हस्तलिखितांत ते रिकाम्या कबरीपाशीच संपते. पुढे येशूंनी दर्शन दिल्याच्या बारा ओव्या त्यांत नाहीत.

एवढे ऐकून आपली मुले खूश होतात. पण इथेच सावध राहिले पाहिजे. ज्या इतिहासकारांचे हे आक्षेप आपण उचलतो, तेच बहुतेक सारे म्हणतात की येशूंना क्रूसावर मृत्यू आला. रोमन इतिहासकार टॅसिटसनेही इ. स. 116 च्या सुमारास पिलाताच्या अमदानीत त्यांना देहदंड झाल्याचे लिहिले आहे. सूरह निसाच्या 157 व 158 या आयती मात्र सांगतात की त्यांना ठार केले गेले नाही, क्रूसावरही दिले गेले नाही. लोकांना तसा भास झाला आणि अल्लाहने त्यांना आपल्याकडे उचलून घेतले. हा भास कसा झाला, याबद्दल इमाम तबरी यांनी एकाहून अधिक रिवायती नोंदवल्या आहेत.

म्हणजे आपली श्रद्धा वह्यीवर उभी आहे, इतिहासकाराच्या दाखल्यावर नाही. हे सांगण्यात कमीपणा कसला? चमत्कार घडतच नाहीत, असे म्हणणारा माणूस पुनरुत्थान नाकारतो, तसाच हजरत ईसांचा पित्याविना जन्मही नाकारतो. त्याची कात्री उसनी घेतली, तर ती आपल्याही ईमानावर चालेल.

घेताना पुरे आणि देताना कमी मापणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनने खडसावले आहे. हा इन्साफ बाजारापुरता नाही. अहले किताबशी उत्तम रीतीने बोलण्याचा हुकूम सूरह अन्कबूतमध्ये आहे. तेव्हा मुलांना सांगा : मित्राचा पुरावा ज्या मापाने तोलाल, त्याच मापाने स्वतःचा तोला; आपण काय मानतो आणि का मानतो, हे स्पष्ट सांगा; आणि हजरत ईसा व बीबी मरयम यांचे नाव आदरानेच घ्या. वाद जिंकून मित्र गमावला, तर दावतीचे दारच बंद होते.