मेंढीच्या खिम्याचे कोफ्ते फुटू नयेत म्हणून

परवा शेजारच्या काकूंनी रश्शात विरघळलेले कोफ्ते दाखवून कारण विचारले, म्हणून हे सविस्तर लिहितो.

कोफ्ता बांधला जातो तो मुख्यतः मिठाने. अर्धा किलो खिम्यात चहाचा एक चमचा मीठ घालून तो चिकट होईतो मळला म्हणजे मांसातील प्रथिने सुटून परस्परांना धरतात, आणि ही क्रिया खिमा थंडगार असतानाच उत्तम साधते, कारण उष्णतेने चरबी वितळून बंध शिथिल होतो. काश्मिरी वाजवानात, म्हणजे तिथल्या पारंपरिक मेजवानीत, रिस्ता या कोफ्त्यांच्या पदार्थासाठी मांस लाकडी मोगरीने कुटण्याचा दस्तूर आहे, तोही याच तत्त्वावर.

आले-लसूण, गरम मसाला, दोन चमचे डाळ्यांचे पीठ पुरे. कांदा मात्र पिळूनच घालावा.

कोफ्ते मंद उकळत्या रश्शात सोडून पहिली दहा मिनिटे पळी लावू नये.

शंका अवश्य विचाराव्यात.