धाकट्याचे वेगळे बिऱ्हाड

१९७० च्या एप्रिलमध्ये पॉल मॅकार्टनीने ‘बीटल्स’पासून फारकत जाहीर केली, तेव्हा आता जॉन लेनन आणि पॉल काय करणार, हाच प्रश्न प्रामुख्याने चर्चिला गेला. ते स्वाभाविकच होते. बहुतेक गाणी या जोडीचीच. चौघांत वयाने धाकट्या जॉर्ज हॅरिसनच्या वाट्याला दर तबकडीत एखाद-दोन गाणी येत. एकत्र कुटुंबात धाकट्याचे जे होते, तेच!

साठलेली ही गाणी त्याने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात बाहेर काढली. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हा तब्बल तीन तबकड्यांचा संच अमेरिकेत अग्रस्थानी पोहोचला.

१९६६ मध्ये सतार शिकण्यासाठी तो मुंबईस आला होता. गुरू पंडित रविशंकरांच्या शब्दाखातर त्याने १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पूर्व बंगालच्या निर्वासितांसाठी दोन जलसे घडवून आणले. रिंगो स्टार आला. जॉन आणि पॉल आले नाहीत. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर ‘युनिसेफ’ला मिळाले. परंतु करमाफीची नोंदणी आधी न केल्याने तबकडी व चित्रपटाचे उत्पन्न वर्षानुवर्षे अडकून पडले. सत्कार्यालाही कागदपत्रे लागतात, हे आपल्या कारकून वाचकांस सांगावयास नकोच.

१९७४ च्या अमेरिकन दौऱ्यात त्याचा आवाज बसला होता. श्रोत्यांना ‘बीटल्स’ची गाणी हवी होती, तो मात्र रविशंकरांचे वादन आणि स्वतःची नवी गाणी ऐकवीत राहिला.